काचेची हंडी लागली, वहिनी

वहिनी,

तू गेल्यावर भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी मला एकच वाक्य ऐकवलं. "तिचा श्वास त्या काचेच्या दिव्यांत राहिलाय बघ." मी मान डोलावत होतो, कारण सुतकाच्या घरात कुणाशी वाद घालू नये हे तूच शिकवलंस. पण तू असतीस तर पदर खोचून म्हणाली असतीस, "श्वास नाय नि बिस नाय. फुकलेलो वारो दुसऱ्या तोंडान भायर जाता. काच तेवढी मागे रवता." आणि वर त्या माणसाला चहा दिला असतास. हे मनात आलं नि मला हसू फुटलं, ते दाबायला गेलो तर रडू आलं. समोरच्या माणसाला वाटलं, आपलं वाक्य बरोबर लागलं.

तेव्हा श्वासाबिश्वासाचं काही लिहीत नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. ते अर्ध्यावर टाकून गेलीस, हे काही बरं केलं नाहीस.

लालबागच्या त्या दोन खोल्यांत आपण तिघंच. तू, दादा आणि मी, तुझा बिनलग्नाचा दीर. तुझ्या-माझ्या भांडणाला विषयांचा तोटा नव्हता. बांगड्याच्या कढीत तिरफळं जास्त पडली यावरून आपण अख्खा रविवार घालवलेला आहे. पण ती सगळी तोंडी लावायला. खरं भांडण एकच होतं, आणि ते बरीच वर्षं चाललं होतं. दादा तुझ्या कामाला एकदा तरी 'चांगलं' म्हणणार की नाही?

दादानं भायखळ्याच्या गाळ्यात बसून जन्मभर काच फुंकली. आधी कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी नळ्या नि चंबू करायचा. ते काम हळूहळू सुटत गेलं तसा तो दिव्यांकडे वळला. जुन्या घरांच्या दिवाणखान्यात छताला साखळीनं टांगलेल्या असतात त्या काचेच्या हंड्या. पूर्वी आत तेलाचा पेला असायचा, आता बल्ब. दादा काच फुंकायचा, तू पुसून कागदात बांधायचीस, मी वायर, होल्डर आणि पितळी टोपी बसवायचो. मी इलेक्ट्रिशियन. काचेतलं मला एवढंच कळतं, की ती माझ्या हातात आली की तुझा जीव खालीवर होतो.

मग दादाचा हात थरथरू लागला. जाळावर काचेची नळी दोन्ही हातांनी एका लयीत फिरवत राहावी लागते. हात जरा अडखळला की मऊ झालेली काच एका अंगाला ओघळते. त्या दिवशी हंडीमागून हंडी ओघळली. दादानं गॅस बंद केला, चष्मा काढून ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. ऑर्डर तर अर्धी पडलेली. तू हातातला कागद बाजूला ठेवलास, त्याचा तो जांभळ्या काचांचा चष्मा नाकावर चढवलास, तो घसरला, परत चढवलास, आणि बर्नर पेटवलास. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. दादा आवाज ऐकून आत आला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तो तुझ्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "जाळ बारीक कर."

तुझी पहिली हंडी वांग्यासारखी झाली. मी तसं म्हणालोही. तू दोन दिवस मला वांग्याची भाजी वाढलीस.

पण नंतर हात बसला तुझा. एवढी बडबडी बाई तू, जिन्यात भेटलेल्या माणसाला त्याच्या गावची खबर विचारल्याशिवाय सोडायची नाहीस, आणि बर्नरपुढे बसलीस की तासन् तास एक शब्द नाही. नळी तोंडात असल्यावर बोलणार कशी, असं मी चिडवायचो. पण तसं नव्हतं. त्या वेळी तू बघत असायचीस. मी तुला इतकं लक्ष देऊन दुसऱ्या कशाकडेही बघताना पाहिलं नाही, दादाकडेसुद्धा नाही. कधी कधी माझं वायरिंग उरकलेलं असायचं, तरी उगाच पक्कड हातात धरून मी बसून राहायचो. तू काम करत असताना त्या गाळ्यात बसणं मला फार आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

संध्याकाळी तयार झालेली हंडी तू टॉवेलात गुंडाळून घरी आणायचीस. दादा ती मांडीवर घ्यायचा, ट्यूबलाइटखाली धरून फिरवायचा. "मान जाड रवली." कधी, "तळ जड झालो." कधी, "काठाक घाय केलंस." आणि हंडी खाली ठेवून द्यायचा. तू तिकडे पाठ करून कांदा चिरत असायचीस. कांदा चिरून संपला तरी सुरी चालूच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दादा मुद्दाम करत नव्हता, हे तूच मला शंभरदा समजावलंस. त्याला काम शिकवलं ते उस्ताद उत्तरेकडचे, भायखळ्यातच राहायचे. त्यांचा दंडक होता. 'गरम माल को अच्छा नहीं बोलने का.' गरम म्हणजे नुसता जाळावरून उतरलेला नव्हे. हंडी काच निववायच्या तापल्या पेटीत रात्रभर हळूहळू निवली, बाहेर काढली, बांधली, नेली, यातलं काहीही झालं तरी ती अजून गरमच. नीट न निवलेली काच चार दिवसांनी, कुणी हात न लावता, आपसूक तडकते. म्हणून ज्या घरासाठी केली त्या घरात ती टांगली जाईपर्यंत, तिच्यात दिवा पेटेपर्यंत तिला चांगलं म्हणायचं नाही. खोड खुशाल काढावी, कारण खोडीला दृष्ट लागत नाही.

बरं. नियम मान्य. मग टांगल्यावर बघायला जा! पण हात थरथरायला लागल्यापासून दादा कुणा गिऱ्हाइकाच्या घरी जाईना. परक्या माणसांसमोर तो हात दिसलेला त्याला चालत नव्हता. म्हणजे बघ, हंडी टांगल्याशिवाय हा चांगलं म्हणणार नाही, आणि टांगलेली हंडी बघायला हा जाणार नाही. असा तो बंदोबस्त. तुझ्या हंड्या गिरगावात गेल्या, दादरला गेल्या, पार्ल्याला गेल्या, लोकांनी तुला साडी-चोळी दिली. आणि घरातला माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला.

शेवटचं भांडण आपण गाळ्यातच केलं, जेवताना. तू डबे गरम करायला काच निववायच्या पेटीवर ठेवले होतेस. दादा असता तर ओरडला असता. मी म्हटलं, "एक दिवस मी त्याला टॅक्सीत कोंबतो आणि नेतो कुठल्यातरी घरी. बघू कसा बोलत नाही."

"ओढून नेलेलो माणूस चांगला म्हणता ता तोंडदेखला," तू म्हणालीस. "माका नको."

"मग तू विचार."

"मी विचारूचंय नाय."

"मग काय, असंच चालायचं?"

"असाच. त्येका आपणहून येवंदे. नाय इलो तर नाय इलो." आणि मला म्हणालीस, "भावजी, तू जेव. कोलंबी थंड होता."

मी म्हणालो, तुझ्यासारखी हट्टी बाई अख्ख्या गिरणगावात नाही. तू म्हणालीस, असा, दुसरी तुज्या शेजारीच बसलीय, नि तीव मीच. मला ते कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही, पण तू इतकी हसलीस की मीही हसलो. भांडण तिथंच राहिलं.

आता लिहिताना तुझं हसणं आठवतंय तर गणपतीतली ती फेरी सांगतोच. दादरची हंडी दिलेल्या वेळेला पोचवायची होती, आणि आपल्या लालबागेत तेव्हा मुंगीला शिरायला जागा नाही. तू हंडी गोधडीत गुंडाळून छातीशी धरलीस आणि गर्दीत घुसलीस. कुणीतरी ओरडलं, "ओ, बाळ आहे, बाळ आहे, जागा द्या!" आणि काय सांगू, गर्दी दुभंगली. स्वयंसेवक दोरी वर करून तुला सोडतायत, हवालदार शिट्टी मारतोय, मी मागून तुझी पिशवी घेऊन. एका म्हातारीनं गोधडीत डोकावायचा प्रयत्न केला. "झोपला असा," तू दबक्या आवाजात म्हणालीस. "नाव काय ग?" "नाव अजून ठेवूक नाय." दादरला पोचेपर्यंत तू ती हंडी थोपटत होतीस. टॅक्सीत बसल्यावर मी म्हटलं, आता तरी थोपटायचं थांब. तर म्हणे, सवय झाली.

असो. फणसवाडीचं काम आलं ते तुला घाबरवणारं होतं.

सुमतीबाईंचं घर जुनं, दिवाणखान्यात हंड्यांची अख्खी रांग. फार वर्षांपूर्वी त्यातली एक फुटली तेव्हा दादानं तिच्या जोडीची करून दिली होती, हात चांगले असताना. या वर्षी पंखे पुसणाऱ्याची शिडी लागून आणखी एक फुटली. दादाच्या हातून आता होणार नाही म्हटल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, मग तुम्ही करा. तू हो म्हणून आलीस आणि जिन्यातच बसलीस. "थंय तुज्या दादाची हंडी असा," तू म्हणालीस. "त्याच रांगेत माजी लागतली."

किती केल्यास आणि किती स्वतःच्या हातानं फोडल्यास. एकही घरी आणली नाहीस. दादानं विचारलंसुद्धा, काय चाललाहा गाळ्यात? तू म्हणालीस, काय नाय. मग एका संध्याकाळी एक हंडी पेटीत निवत ठेवलीस, दार लावलंस, आणि आपण घरी निघालो. चाळीच्या पायऱ्या चढताना तू एकदम थांबलीस. "आजची बरी वाटता," म्हणालीस. मी बघतच राहिलो. गरम मालाला बरं म्हणालीस, आणि तेही स्वतःच्या. लगेच जीभ चावलीस. "दादाक सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू दूध तापत ठेवलंस आणि ओट्याशी खाली बसलीस. दूध उतू गेलं. दादा आतून ओरडला, "अगो, दूध!" तुझ्याशी तो जे शेवटचं बोलला ते हेच. नंतरच्या दिवसांत तो ते एकटाच पुटपुटायचा, मग गप्प व्हायचा. मला त्याचा सगळा राग विसरायला झाला. म्हणजे, बराचसा.

पेटी तिकडे तशीच बंद होती. सुमतीबाईंचा फोन आला होता, हळहळल्या. मी म्हटलं, हंडी झाली आहे पण सुतक आहे, तेराव्यानंतर आणतो. त्या म्हणाल्या, "अहो, दिवा तो. त्याला कसलं सुतक? पण तुमचं मन मानेल तेव्हा आणा."

तेरावं झालं आणि मी गाळ्यात गेलो. पेटीचं दार उघडायला हात होईना. निवायला तिला भरपूर वेळ मिळाला होता, त्याची काळजी नव्हती. पण मी दार उघडलं की तुझं काम संपणार होतं. दार बंद होतं तोवर आत तुझं एक काम चालू होतं असं मला वाटत होतं. मूर्खपणा म्हण हवं तर. शेवटी उघडली. हळूच नख मारून पाहिलं, आवाज खणखणीत आला. तोंडावर आलेला शब्द मी गिळला. तुमच्या उस्तादांचा नियम मला पटत नाही, पण त्या दिवशी मोडायची हिंमत झाली नाही.

मी ती घरी नेली नाही. दादानं मांडीवर घेऊन "मान जाड रवली" म्हटलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो, याची मलाच भीती वाटत होती. तिथंच टोपी-साखळी बसवली, थेट फणसवाडीला नेली आणि टांगली. घरी आलो तर दादा खिडकीशी बसलेला.

"लावलंस?"

"हो."

"पेटता?"

"पेटते."

"हं," म्हणाला, आणि उठून झोपायला गेला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. तुझं 'त्येका आपणहून येवंदे' डोक्यात घोळत होतं म्हणून गप्प बसलो, नाहीतर त्याच वेळी त्याला गदागदा हलवला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅसवर डाळ ठेवत होतो तर आतून दादा शर्ट घालून आला. त्याची बटणं तू लावायचीस. मी लावायला गेलो तर हात झटकला. एक बटण वर, एक खाली, कॉलर एका बाजूला. "चल," म्हणाला. "कुठे?" "हंडी लावलंस थंय." वहिनी, मी त्याला एका शब्दानं म्हणालो नव्हतो. देवाशपथ. तो आपणहून आला.

फणसवाडीचे जिने चढायला त्याला वेळ लागला. सुमतीबाईंनी दिवाणखान्यातले बाकीचे दिवे मालवले आणि हंड्यांची रांग लावली. दादा दारातच थांबला. मग मान वर करून, एकेका हंडीखालून हळूहळू चालत गेला. मी भिंतीला टेकून उभा. तुझी कुठली हे मला माहीत होतं, पण मी मुद्दाम तिकडे बघत नव्हतो. आता म्हणणार, मान जाड.

मधल्या एका हंडीखाली तो थबकला. बराच वेळ बघत राहिला. आणि त्याचा चेहरा फुलला, वहिनी. कित्येक वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

"ही बघा," तो सुमतीबाईंना म्हणाला, "ही माझी. मी केलेली. काठ बघा हिचा कसा वळलाय. असा काठ यायला आयुष्य गेलं माझं."

सुमतीबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, ती नव्हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ती कालच लावली तुमच्या भावानं. तुमच्या मिसेसनी केलेली ती. तुमची तिकडे, आरशाजवळची."

दादा हलला नाही. वर बघतच राहिला. त्याचा हात थरथरत होता आणि तो त्यानं खिशात घातला नाही. मग अगदी भाबडेपणानं, जणू तूच समोर आहेस अशा आवाजात, म्हणाला, "मगे माजी खंयची?"

आरशापाशी जाऊन त्यानं स्वतःची हंडी पाहिली, पण फार वेळ नाही. परत तुझ्या हंडीखाली येऊन उभा राहिला. सुमतीबाईंनी चहा आणला. तो त्यांच्यासमोर प्याला, अर्धा बशीत सांडला, बशीतलाही प्याला. निघताना त्यांनी दिवे मालवायला हात पुढे केला तर दादा म्हणाला, "जरा ऱ्हाऊ द्या."

टॅक्सी भायखळ्याला अडकली. दादा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "तिका सांगूक होया होता."

आपल्या एवढ्या वर्षांच्या भांडणात मी हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला जीव टाकत होतो, आणि ऐकलं तर वाटलं, नको होतं ऐकायला. त्याच्या शर्टाची ती वाकडी बटणं बघून मला भडभडून आलं.

"तू सांग," तो म्हणाला. "तू तिका सांग. माका जमूचा नाय."

"काय सांगू, दादा?"

सिग्नल सुटला, टॅक्सी हलली. त्यानं माझ्याकडे तोंड फिरवलं.

"सांग, चांगली झाली म्हणून."

सांगितलं, वहिनी.